कागद ओला आहे

वरचा दगड बाजूला केला, फळी उचलली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं गिलिसनं वरचा ताव गालाला लावायला उचलला. ताव एकटा आलाच नाही. त्याच्या पाठीला चिकटून खालचे आणखी दोन-तीन आले आणि पाण्यात बुडालेल्या पावासारखा कोपरा तुटून त्याच्या चिमटीत राहिला. त्यानं गठ्ठ्याच्या कडेत बोट घातलं. पोटात पाणी साचलं होतं. छपाईसाठी भिजवलेल्या कागदानं दगडाच्या वजनाखाली रात्रभरात ओल सगळीकडे सारखी पसरवायची आणि सकाळी नुसता गार, जेमतेम दमट असा हाताशी यायचं, ही कागदाची रीत. पण पेलवेल त्याच्या दुप्पट पाजलं तर बिचारा काय करणार! फळीच्या कडेनं थेंब ओघळत होते आणि खालच्या विटांवर एक लहानसं डबकं झालं होतं. गिलिस त्या तुटलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिला. ही नवशिक्याची चूक होती. अशा चुकीसाठी त्यानं लोकांना कामावरून घालवलं होतं, आणि एकदा तर एकाच्या डोक्यावर तोच ओला दस्ता आपटला होता.

"कुणी भिजवलाय हा?" वाउटर मागून म्हणाला. वाउटर म्हणजे यंत्रावरचा माणूस. दांडा ओढता ओढता गिलिसच्याच छापखान्यात म्हातारा झालेला.

"मी."

वाउटर हसायला लागला, आणि मग ही थट्टा नाही हे ध्यानात येऊन मधेच थांबला. "मालक, एक दस्ता बुडवायचा, एक कोरडा ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? इथं तर सगळेच बुडवलेत. दोन-दोनदा बुडवलेत. हा काही कागद नाही राहिला. लापशी झाली."

"चालव तसाच."

"चालवू? अक्षरं फुगतील सगळी. संतांची नावं वाचता येईनात, की मठातले लोक आपल्याला ओळीनं उभं करतील." त्यानं गठ्ठ्यावर हात ठेवला, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. "दोरीवर टाकतो. उद्यापर्यंत येईल माणसात. आज छपाई नाही." आणि मग गिलिसकडे न बघता, "बरंच झालं म्हणा. दुपारी भरती आहे. जाऊन या की धक्क्यावर."

आज छपाई नाही. गिलिसला वाटलं, आपण उभे होतो ती फळीच कुणीतरी पायाखालून काढून घेतली. कारण दिग्ना दुपारच्या भरतीला जाणार होती. नवऱ्याबरोबर, भांड्याकुंड्यांसकट, पोटातल्या चार महिन्यांच्या जिवासकट उत्तरेला जाणार होती, आणि पुन्हा येणार नव्हती. पोर एकुलती एक. आणि तिला निरोप द्यायला आपल्याला धक्क्यावर जाता येत नाही याला त्याच्यापाशी एकच कारण होतं, आणि ते आता विटांवर ठिबकत होतं.

काल दिवेलागणीच्या सुमाराला ती आली होती. कागदाच्या पेटाऱ्यावर बसली, लहानपणी बसायची तशीच, पाय आखडून, फक्त आता पोटामुळे थोडी मागे रेलून. तिनं आणलेली राईची भाकरी आणि खारवलेली हेरिंग त्यानं खाल्ली. ती छापखान्याकडे बघत होती; भिंतीवरच्या खुंट्या, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या खणांच्या तिरक्या पेट्या, दोरीवर वाळत घातलेले ताव, सगळं एकेक करून, जणू मोजून घेत होती. मग म्हणाली, "बाबा, उद्या याल ना धक्क्यावर?" आणि गिलिसच्या तोंडून विचार करण्याआधीच बाहेर पडलं, "कागद ओला आहे." खिडकीखाली कागद होता, गिरणीतून आला तसा, सुतळीनं बांधलेला, ठणठणीत कोरडा. दिग्नानं तिकडे पाहिलं. छापखान्यात वाढलेली मुलगी ती. ओला कागद तिला अंधारातही वासावरून कळायचा. उठताना तिनं जाता जाता त्या गठ्ठ्यावर तळहात टेकवला, क्षणभरच. त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि गेली. तिच्या लाकडी जोड्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी विरला तेव्हा गिलिस उठला, द्रोणीत पाणी ओतलं आणि सुतळी कापली. तिच्या तोंडावर बोललेलं खोटं निदान तिच्या पाठीमागे तरी खरं व्हावं म्हणून तो दस्त्यामागून दस्ता बुडवत सुटला. कुठला बुडवला, कुठला कोरडा ठेवायचा, याचं त्याला काही भान राहिलं नाही.

'कागद ओला आहे' हे या घरातलं जुनं बोलणं. दुसऱ्या घरांत 'आत्ता नको', 'थांब जरा', 'मला वेळ नाही' म्हणतात, तिथं या घरात एवढंच म्हणायचे. कारण भिजवलेला कागद खरोखरच कुणासाठी थांबत नाही. आज नाही छापला तर उद्या त्याला वास येतो, परवा त्याच्यावर गुलाबी ठिपके पडतात, आणि मग तो मासे बांधायच्याही लायकीचा राहत नाही. गिलिसनं हे बोलणं योसिनला लग्न करून आणलं तेव्हापासून ऐकवलं होतं. योसिन त्याची बायको; मोठ्या हाडाची, मोठ्यानं हसणारी, नावाड्याची मुलगी. सुरुवातीला तिला राग यायचा. जेवण निवायचं, पाहुणे ताटकळायचे, नाताळचा हंस करपायचा, आणि खालून आवाज यायचा, कागद ओला आहे. मग तिनं ते शस्त्र उलटं धरलं. कधी तो अंथरुणात तिच्याकडे सरकला की ती पाठ फिरवून म्हणायची, "नको रे गिलिस, कागद ओला आहे," आणि स्वतःच इतकी हसायची की शेवटी दोघं हसत सुटायची आणि कागदाचं काय व्हायचं ते होऊन जायचं. दिग्ना त्यातच झाली असावी. पोर तीन-चार वर्षांची असताना तिला न्हाऊ घालायला धरलं तर पळत पळत ओरडायची, "कागद ओला आहे! कागद ओला आहे!" शेजारचे लोक म्हणायचे, छापखानेवाल्याचं घर वेड्यांचं आहे.

गिलिसनं एक शाईचा गोळा उचलला. आत लोकर भरलेला, बाहेर कातडं, मुठीला लाकडी दांडा. रात्रभर मुतात भिजवून मऊ केलेलं ते कातडं, त्याचा वास, जवसाच्या उकळलेल्या तेलाचा वास आणि काजळी. या तीन वासांत त्याचं आयुष्य गेलं होतं. त्या वासांना सगळे नाकं मुरडत. दिग्नाच्या नवऱ्याच्या, रोम्बाउटच्या घरचे सोयरीक पक्की करायला आले तेव्हा योसिन गेल्यावर घर सांभाळायला राहिलेल्या तिच्या मावशीबाईंना धास्ती होती, की दारातूनच परत फिरतील. पण रोम्बाउटच्या बापाचा धंदा रंगाऱ्याचा. कापडाला निळा रंग धरावा म्हणून तिथं पिंपंच्या पिंपं मूत साठवलेलं. म्हाताऱ्या रंगाऱ्यानं दारात उभं राहून खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "वा! पोरीला सासरी परकं वाटायचं नाही." सगळे पोट धरून हसले. रोम्बाउट तेवढा हसला नाही, तो दिग्नाकडे बघत होता. गंभीर मुलगा. नव्या पंथाचा. शेतातल्या उघड्या सभांना जाणारा. तो दिग्नाला आवडला कारण ती त्याच्याशी पुस्तकांबद्दल बोलू शकत होती, आणि ती पुस्तकं, हे गिलिसला काल रात्री पहिल्यांदा नीट कळलं, ती पुस्तकं गिलिसनंच छापली होती.

"ते गोळे ठेवा मालक," वाउटर म्हणाला. "काळे करून घ्याल हात उगाच."

"फर्मा चढवलेला आहे?"

"चढवलेला आहे. पण कागद कुठाय?"

 गिलिसनं गोळ्यावर शाई घेतली, दुसऱ्या गोळ्यावर घासली आणि फर्म्यावर, जुळवून चौकटीत आवळलेल्या खिळ्यांवर, फिरवायला लागला. खिळ्यांच्या काळ्या डोक्यांवर शाई चढत गेली. त्याला जवळचं आता धड दिसत नव्हतं. चार-पाच वर्षांपासून जवळचं सगळं पुसट होत चाललं होतं. समोरच्या देवळाच्या शिखरावरचा वारा दाखवणारा कोंबडा मात्र त्याला अजून लख्ख दिसायचा, त्याची चोचसुद्धा. खिळे तो आता डोळ्यांनी नाही, बोटांनी वाचायचा. आणि मुद्रितं तपासायची तर दिग्नाच लागायची. लग्न झाल्यावरही ती रोज यायची. सासरचे कुरकुरायचे, पण यायची.

ते काम दोघांचं होतं. ती लहान होती तेव्हापासून. एकानं मूळ लिखाण मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं छापील तावावर बोट फिरवत चुका धरायच्या. आधी गिलिस बोट फिरवायचा आणि दिग्ना वाचायची, तिच्या त्या किंचित नाकातल्या आवाजात, स्वल्पविरामसुद्धा बोलून दाखवत. शब्द कळायचे नाहीत, तरी अडखळायची नाही. लॅटिन, फ्रेंच, गावची भाषा, जे समोर येईल ते. आणि गिलिस ऐकायचा, म्हणजे अक्षरं ऐकायचा. उलटा पडलेला खिळा, तुटक्या पायाचा खिळा, दुसऱ्याच खणातून चुकून आलेला खिळा. धंद्यात मुरलेला मुद्रक पुस्तक वाचत नाही. वाचायला लागला की संपला. अर्थ डोळ्यांना पुढे ओढतो आणि चूक मागे राहते. हे तो नव्या जुळाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगायचा. आयुष्यभरात त्यानं किती पुस्तकं छापली असतील! पंचांगं, व्यापाऱ्यांची बोलीभाषेची पुस्तकं, घोड्यांच्या रोगांची, बाळंतपणाची, साधूसंतांची. जुन्या धर्माचे लोक सत्तेवर होते तेव्हा त्यांच्या प्रार्थना. मग नव्या पंथाचे लोक आले, देवळातल्या मूर्ती खाली आल्या, तेव्हा त्यांची स्तोत्रं आणि उपदेश. तेच खिळे, तीच शाई. आदल्या वर्षी ज्या खिळ्यांतून कुमारी मातेचं नाव उठलं होतं, त्याच खिळ्यांतून पुढल्या वर्षी तिच्या नावानं दिवे लावणाऱ्यांना शिव्या उठल्या. गिलिसला त्यात काही वाटलं नाही. त्यानं त्यातलं काही वाचलंच नव्हतं.

दिग्नानं वाचलं. समोर बसून ती वाचत होती, आणि तो अक्षरं मोजत होता. पोर वाढत होती, आवाज बदलत होता. एका दिवशी उपदेशाच्या पुस्तकाचा फर्मा तपासताना ती मधेच थांबली. "का थांबलीस?" त्यानं विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा वाचलं, हळू. गिलिसनं कपाळाला आठी घातली, कारण एकदा वाचलेलं पुन्हा वाचलं की बोट ओळीवरून घसरतं. त्या वाक्यात काय होतं? काल कागद बुडवताना त्यानं ते आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. त्यातला एक खिळा जुना होता, हे त्याला आठवलं. ओळीच्या शेवटी जागा कमी पडली म्हणून शब्द तोडला होता, हेही आठवलं. वाक्य आठवेना. ज्या वाक्यापाशी त्याची मुलगी त्याच्यापासून निघून गेली, ते वाक्य त्यानंच जुळवलं होतं, त्यानंच छापलं होतं, आणि ते काय होतं हे त्याला माहीत नव्हतं.

"ताव दे," तो म्हणाला.

"मालक..."

"दे म्हणतो ना!"

वाउटरनं खांदे उडवले, गठ्ठ्यातून कसाबसा एक ताव सोडवून आणला, दोन्ही हातांवर तोलून, झोपलेलं मूल आणावं तसा, आणि चौकटीत ठेवला. गिलिसनं फर्मा यंत्राखाली सरकवला, उजवा पाय पायरीवर रोवला आणि दांडा ओढला. हा पाय. जन्मभर त्याच पायानं रेटून रेटून त्याचं उजवं पाऊल डाव्यापेक्षा रुंद झालं होतं, उजवा जोडा वेगळा शिवून घ्यावा लागायचा, आणि चालताना तो एका बाजूला कलायचा. मुद्रकाला लांबूनही ओळखता येतं ते त्यामुळेच. लाकूड करकरलं. दाब खाली बसला आणि फर्म्याच्या चारी कडांनी पाणी बाहेर आलं, काळं पाणी. ताव सोडवला तर अर्धा खिळ्यांनाच चिकटून राहिला. हातात आलेल्या अर्ध्यावर अक्षरं फुगली होती, एकमेकांत मिसळली होती, आणि डोळ्यांदेखत आणखी पसरत होती. वाउटरनं खिळ्यांना चिकटलेला लगदा नखानं खरवडून काढला. 

"दुसरा दे," गिलिस म्हणाला.

चार वर्षांपूर्वी वेढा पडला तेव्हा शहरात उंदीर विकायला आले होते. शेवटी शरणागती झाली, स्पेनच्या राजाचे सैनिक आत आले आणि फर्मान निघालं: जुन्या धर्मात परत या, नाहीतर घरदार विकून निघून जा. विचार करायला चार वर्षं, आणि ती आता संपत आली होती. चार वर्षं म्हणजे पुष्कळ, असं गिलिसला तेव्हा वाटलं होतं. त्या चार वर्षांत तो रोज वाट बघत होता, की दिग्ना एके दिवशी येऊन म्हणेल, बाबा, आम्ही राहतोय. गुडघे टेकायला काय जातं? त्यानं स्वतः टेकले होते. देवळात पुन्हा मूर्ती बसल्या, त्यानं पुन्हा संतांची चरित्रं छापायला घेतली, आणि पहिल्याच रविवारी पुढच्या रांगेत जाऊन बसला. हे त्यानं दिग्नाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला जमतं बाबा, तुम्ही वाचत नाही." रागानं नाही म्हणाली. डोळे चांगले आहेत किंवा केस पिकले आहेत, असं एखाद्याबद्दल म्हणावं तसं म्हणाली.  त्यानं तिच्यापुढे दुसरं मुद्रित सरकवलं, आणि तिनं संतांचं चरित्र, ज्यावर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता, स्वल्पविरामासकट वाचून दाखवलं. ते ती पोटासाठी करत नव्हती. बापाला जवळचं दिसत नाही म्हणून करत होती.

दुसरा तावही फाटला. देवळाची घंटा वाजली. वाउटर यंत्राला टेकून उभा राहिला आणि बोलला. "मालक, मी तुमचं मीठ खाल्लंय म्हणून सांगतो. बाईंच्या वेळी मी इथंच होतो, या खांबापाशी. मला ऐकू येत होतं सगळं. पुन्हा तेच करू नका."

इतक्या वर्षांत त्यानं त्या दिवसाचा विषय काढला नव्हता. कुणीच काढला नव्हता. योसिन वरच्या खोलीत पडून होती. ताप उतरत नव्हता, पण ताप असे येत आणि जात, आणि वैद्य म्हणाला होता, घाम आला की बरं वाटेल. काही लागलं की ती पलंगाशी ठेवलेला लाकडी जोडा जमिनीवर आपटायची. खाली पंचांगाची छपाई चालली होती. जत्रेच्या आत पंचांग निघालं नाही तर वर्षभर ते कोण घेणार? जोडा वाजला. "आलोच," गिलिस ओरडला, "कागद ओला आहे!" वरून योसिनचा आवाज आला, बारीक, पण त्यात हसू होतं, ते त्यानं स्वतः ऐकलं होतं. "किती राहिलाय?" ती म्हणाली. "थोडाच!" तो म्हणाला. दिग्ना तेव्हा बारा वर्षांची. हातातलं मुद्रित टाकून ती जिना चढून गेली. वाउटरनं गिलिसकडे पाहिलं. गिलिसनं दांडा ओढला. जोडा पुन्हा वाजला नाही. पंचांगाचा शेवटचा ताव निघाला, हात धुतले आणि तो वर गेला तेव्हा दिग्ना आईचा हात धरून बसली होती आणि योसिनचे डोळे मिटलेले होते. दिग्ना रडत नव्हती. म्हणाली, "आई विचारत होती, अजून किती राहिलाय." त्याच दिवसापासून ते बोलणं घरातून गेलं. कुणी ठरवलं नाही, पण गेलं. आणखी एक गेलं. दिग्ना रोज सकाळी वरचा ताव गालाला लावून बघायची, ओल नेमकी आहे का ते. तो तिचा मान होता. मऊ गालाला जेवढं कळतं तेवढं राठ बोटांना कळत नाही. ताव गालाला लावून, डोळे मिटून, तळहातानं दाबून धरायची आणि ओरडायची, "चालवा!" आईनंतर तिनं ताव कधीही गालाला लावला नाही. बाकी सगळं केलं. ते काम गिलिसला स्वतः करावं लागलं, आपल्या खरबरीत, दाढीच्या खुंटांच्या गालानं.

आणि काल, इतक्या वर्षांनी, तेच वाक्य. त्याच्याच तोंडून. कोरड्या कागदासमोर.

गिलिसनं दांडा सोडला. तो आपोआप मागे गेला आणि खांबावर आपटला. त्यानं डोक्यावर टोपी घातली, अंगावरचं कामाचं चामड्याचं आवरण सोडायचं विसरला, आणि बाहेर पडला. बाहेर लख्ख ऊन होतं. डाव्या-उजव्या पावलांच्या त्या कलत्या चालीनं तो गल्लीतून निघाला आणि मग जमेल तसा पळायला लागला. एका दारातून कुणीतरी ओरडलं, "काय छापखानेवाले, आग लागली का?" त्याला बोलायला श्वास नव्हता. अर्धी घरं बंद होती. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, दारांपाशी नेता न आलेल्या वस्तू पडलेल्या: एक पाळणा, एक फुटका रांजण, उलटी ठेवलेली खुर्ची. या गल्लीतून चालायला एके काळी खांद्याला खांदा घासायचा. आता त्याचेच जोडे त्याला ऐकू येत होते, एक जड आणि एक हलका. तो मनात काय बोलायचं ते जुळवत होता. कागद कोरडा होता, असं सांगायचं. मी खोटं बोललो, असं सांगायचं. ते वाक्य कुठलं होतं गं, ते सांग मला एकदा, मी वाचीन. पण वाक्य हाताशी येईपर्यंत पुढचा कोपरा यायचा आणि सगळे खिळे सांडायचे.

मासळीबाजारातून उतरलं की नदी दिसते. भरती वर आलेली होती, आणि ओसरायलाही लागली होती. धक्क्याच्या खांबांवर ओल्या पट्ट्याची पहिली रेघ उघडी पडली होती, हे त्यानं पाहिलं. ओल कुठपर्यंत आहे हे बघायची त्याला सवय होती. धक्क्यावर माणसं होती, पण ती परतत होती. बायका डोळे पुसत होत्या. एक म्हातारा रिकाम्या हातगाडीवर बसला होता. नावा प्रवाहाच्या मधोमध गेल्या होत्या, तीन-चार, तपकिरी शिडांच्या, सामानानं वाकलेल्या. शिडं भरत होती. त्यानं हाक मारली, "दिग्ना!" आणि आवाज धक्क्याच्या कडेलाच पडला. वारा त्याच्या तोंडावर येत होता, नदीकडून.

आणि मग त्याला ती दिसली. सगळ्यांत मागच्या नावेत, गाठोड्यांवर बसलेली, पाय आखडून, किंचित मागे रेललेली. तिच्याशेजारी रोम्बाउट उभा होता. इतक्या लांबून दुसऱ्या कुणाला ते नुसते ठिपके दिसले असते. गिलिसला सगळं दिसलं. कानामागे सुटलेली केसांची बट दिसली. कपाळावरची आठी दिसली, तिच्या आईसारखी. गळ्याशी बांधलेल्या रुमालाची गाठ दिसली. काल संध्याकाळी ती हातभर अंतरावर बसली होती तेव्हा तिचा चेहरा त्याला नुसता फिकट डाग दिसला होता, आणि त्याआधी चार-पाच वर्षं तसाच. तिच्या डोळ्यांखाली एवढं काळं झालंय हे त्याला माहीतच नव्हतं.

तिनं त्याला ओळखलं. मुद्रकाला लांबूनही ओळखता येतं. ती गाठोड्यांवरून उठून उभी राहिली, रोम्बाउटनं तिला कंबरेशी धरलं. तिनं हात वर केला नाही, हलवला नाही. तिनं तळहात आपल्या गालाला लावला आणि दाबून धरला, आणि डोळे मिटले. मग डोळे उघडून त्याच्याकडे बघत राहिली. ती विचारत होती, ओल नेमकी आहे का. गिलिसला कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अक्षरांच्या आधी अर्थ कळला. त्यानं आपला उजवा हात उचलला, गालाला लावला आणि तसाच दाबून धरला. मान हलवली. हो. तिला दिसलं की नाही, कोण जाणे. नाव वळणावर गेली तेव्हा तिचा हात अजून गालालाच होता. तिचे ओठ हलले, एकच शब्द. तो त्यानं लांबून नीट वाचला, आणि तो शब्द कुठला हे त्यानं पुढे कुणालाही, वाउटरलासुद्धा, सांगितलं नाही.

माणसं निघून गेली. खांबांवरचा ओला पट्टा आणखी उघडा पडला. मासळीबाजारातली एक बाई टोपल्या धुवायला पाण्यापाशी उतरली होती, ती त्याच्याकडे बघून थबकली. "अहो छापखानेवाले," ती म्हणाली, "हे काय? तोंडाला काळं फासून घेतलंत की!" आणि तिनं कमरेचं फडकं ओढून पुढे केलं. गिलिसनं गालावरून हात काढला. हाताला सकाळची शाई होती. पाचही बोटं गालावर उठली असणार, स्पष्ट, एकही रेघ न फुगता.

"राहू दे बाई," तो म्हणाला. "ओला होता. म्हणून उठलं."

तिला काही कळलं नाही. तिनं फडकं परत कमरेला खोचलं आणि टोपल्या धुवायला लागली.